नंदाबाईचं आवतण

नंदाबाईच्या तोंडाला लागायचं नाही, हे पवनेच्या काठच्या कुत्र्यामांजरांनासुद्धा ठाऊक होतं. एकदा एस्टीच्या कंडक्टरनं वाडीच्या फाट्यावर गाडी थांबवली नाही, सरळ पुढं नेली. दुसऱ्या दिवशी नंदाबाई भर रस्त्यात गाडीसमोर उभी राहिली आणि त्याच्या सात पिढ्यांची अशी काही विचारपूस केली, की तेव्हापासून ती एस्टी फाट्यावर कुणी नसलं तरी थांबते. नवरा महिपती तर कधीच शहाणा झालेला. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यानं एकदोनदा उलट उत्तर देऊन पाहिलं होतं. ती हौस तेव्हाच फिटली.

अशी ही बाई. आणि ऐन वेळी तिनंच शेपूट घातलं! आता ही गोष्ट लोक हसत हसत सांगतात, पण ज्या दिवशी घडली त्या दिवशी कुणाला हसू आलं नव्हतं.

तिकोणा गडाच्या पायथ्याच्या वाडीतली नंदाबाई गुलाबाच्या कंपनीत कामाला. मावळात ठिकठिकाणी प्लास्टिकच्या पांढऱ्या छपरांखाली गुलाब पिकतात, त्यातलीच ही एक. तिथल्या ग्रेडिंग हॉलमध्ये बाया फुलं निवडतात, लांब दांड्याचं वेगळं, आखूड वेगळं, डागाळलेलं बाजूला, आणि बंच बांधतात. हॉलच्या मधोमध एक लांबलचक टेबल. बाया समोरासमोर बसायच्या. हात फुलांवर आणि तोंड जगावर. कुणाची सून कशी निघाली, कुणाच्या म्हशीनं लाथ मारली, सगळ्याचा निकाल त्या टेबलावर लागायचा. सकाळी भिंतीवरच्या स्पीकरवर आधी आरती, मग जुनी गाणी. दुपारी बाहेर जांभळीखाली गोल करून डबे उघडले, की एकीच्या भाकरीवर दुसरीचं कालवण. जिचा हात मागं पडायचा तिच्यापुढं शेजारीण आपले दोन बंच सरकवून द्यायची. त्याची वाच्यता कुणी करायचं नाही.

नंदाबाईच्या समोरची जागा जाहिदाची. जाहिदा म्हणजे वाडीतल्या बद्रुद्दीन मुलाण्याची बायको. बद्रुद्दीनचं पवनानगरला मटणाचं दुकान आहे. जाहिदा कमी बोलायची, पण हात असे चालायचे की बघत राहावं. काटा म्हणून तिला कधी लागायचा नाही. हॉलमध्ये बाया म्हणायच्याच, की नंदीचं तोंड आणि जाहिदाचे हात मिळून एक बाई पुरी होते.

मग सुहास साहेब मॅनेजर म्हणून आले.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगायला हवं. तिशी ओलांडलेला, शेतीच्या कॉलेजात शिकलेला, सगळ्या बायांना मावशी म्हणणारा. पण पुण्याच्या ऑफिसातून त्याच्यामागं रोज टुमणं, काम वाढवा, काम वाढवा. त्यानं कुठल्याशा पुस्तकातले उपाय काढले. टेबलावर प्लायच्या फळ्या उभ्या केल्या, दोघींच्या मध्ये एक. म्हणजे बोलणं बंद. जेवायच्या सुट्ट्या पाळीपाळीनं. म्हणजे जांभळ ओस. आणि तिसरा उपाय स्पीकरचा. आरती गेली, गाणी गेली. संध्याकाळी काम सुटायच्या आधी स्पीकर खरखरायचा, "हॅलो, हॅलो," आणि त्या दिवशी सगळ्यांत कमी बंच कुणी बांधले तिचं नाव हॉलभर घुमायचं. त्यानं म्हणे चुरस वाढते.

चुरस वाढली, पण ती सवतींची! बंच सरकवणं थांबलं. कुणाचा हात मागं आहे हे दिसलं, की शेजारणीला हायसं वाटायचं, चला, आज आपण सुटलो. टेम्पोतून गाणी म्हणत येणाऱ्या बाया मान खाली घालून यायला लागल्या. दोघी काम सोडून गेल्या. तिसरीचं पोट रोज दुपारनंतर दुखायला लागलं. चौदा फेब्रुवारीच्या गर्दीत जगात कुणाकुणाचं जमलं असेल ते असो, हॉलमध्ये मात्र बायाबायांचं फाटलं.

त्याच गर्दीत जाहिदाचा अंगठा सुजला. मुळाशी अशी कळ यायची, की दोरा ओढताना डोळ्यांत पाणी. पहिल्यांदा तिचं नाव पुकारलं तेव्हा बायांना वाटलं, साहेबाची चूक झाली. पुन्हा पुकारलं. मग तर पुकारतच गेले. एकदा ती दळण टाकायला गिरणीत गेली, तर गिरणीवाला चार माणसांदेखत म्हणाला, "काय जाहिदाभाबी, काल परत तुमचाच नंबर म्हनं?"

दुसऱ्या दिवशी तिनं फळीवरून मान वर काढून नंदाबाईला सांगितलं, "जत्रा झाली की मी काम सोडणार. दुकानात बसंन बद्रूच्या. हाडं मोजंन, पण हितं न्हाई."

 समोरची जागा रिकामी, ही कल्पनाच नंदाबाईला करवेना. तिच्या मुलीच्या बाळंतपणात रात्रंदिवस बसली होती ती जाहिदा. कधी न बोलता बंच सरकवायची तीही जाहिदाच.

"सोडती कशी? मी बघते ना!" नंदाबाई म्हणाली. "मोटं सायब येणार हाईत पुन्यास्नं, बायांशी बोलायला. मी समद्यांदेखत सांगते. भैरोबाच्यान!"

"सांगशील?"

"अगं, ह्या तोंडाला आजवर कुणी अडीवलंय का?"

जाहिदा एवढ्यावर थांबली. सगळा हॉल त्या दिवसाची वाट बघू लागला.

मोठे साहेब, आदिनाथ साहेब, आले ते फाल्गुनातल्या रणरणत्या दुपारी. गाडी फाटकाशी ठेवून, सगळी छपरं चालत हिंडून जांभळीखाली आले तेव्हा घामानं निथळत होते. साठीचा माणूस, चेहरा लालबुंद. नंदाबाईला राहवलं नाही. कुणी सांगायच्या आधीच ती उठली, गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाली. "आदी घोटभर पानी घ्या सायब. लय तापलंय." साहेबांनी गूळ तोंडात टाकला, पाणी प्याले, आणि म्हणाले, "वा, मावशी! जीव आला बघा."

मग ते खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "तुम्ही सगळ्या कंपनीचा कणा आहात. कामाच्या जागी काही त्रास असेल, मनात काही असेल, तर अगदी मोकळेपणानं सांगा."

 सुहास साहेब बाजूला हाताची घडी घालून उभे. सगळ्या बायांच्या नजरा नंदाबाईवर. नंदाबाई उठली, पदर खोचला. समोर तो दमलेला माणूस, तिनं दिलेला तांब्या अजून त्याच्या हातात, ओठाला गुळाचा कण चिकटलेला. तिनं तोंड उघडलं.

"काय न्हाई सायब," ती म्हणाली. "समदं झ्याक हाय. तुमी एवड्या उनाचं आला, लय बरं वाटलं."

आपल्याच तोंडचे हे शब्द ऐकून ती मटकन खाली बसली. पण एकदा बांध फुटला, की काय! "व्हय सायब, झ्याक हाय," दुसरी म्हणाली. "कायबी तरास न्हाई," तिसरी. जिचं पोट दुखायचं तीसुद्धा म्हणाली, "सुहास सायब लय चांगलं हाईत." साहेब खूश. जाताना त्यांनी सुहासच्या पाठीवर थाप मारली. आणि त्याच संध्याकाळी स्पीकर खरखरला, "हॅलो, हॅलो," आणि नाव आलं जाहिदाचं.

फाटकाबाहेर जाहिदा नंदाबाईच्या शेजारून चालली, पण तिच्याकडं न बघता. "गर्जंल तो पडंल काय म्हंत्यात," ती म्हणाली, "ते तुलाच बघून म्हनलं आसंल कुणीतरी." आणि टेम्पोत दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

नंदाबाईला कंडक्टर आठवला, आणखी कोणकोण आठवले. एवढ्यांना फाडून खाल्लं आणि जिच्यासाठी बोलायचं होतं तिच्या वेळेला जीभ गुळाला चिकटली! तिला स्वतःची अशी शरम कधी वाटली नव्हती. बरं, भ्याली होती म्हणावं, तर भ्यालीही नव्हती. मग झालं काय होतं?

उत्तर सापडलं ते चुलीपुढं. चार दिवसांनी सकाळी ती भाकऱ्या थापत होती. थापत कसली, बडवत होती. महिपती धोतराला इस्त्री करून, टोपी घालून तयार.

"कुटं निघाला?"

"अक्काकडं, इंदुरीला. जत्रंचं आवतण द्याया."

"मग फोन करा की."

"फोनवर आवतण देत्यात व्हय? दारात जावं लागतंय." तो पायताण घालता घालता म्हणाला, "आणि बांधाच्या भांडनाचं बी बोलायचं हाय. अक्का जत्रंला आली म्हंजी पाव्हणी. दारात आलेल्या पाव्हणीला काय गाऱ्हाणं सांगायचं का? तिच्या दारात गेलो, चार घास खाल्लं, की मग सांगता येतंय."

नंदाबाईचा हात परातीत थांबला. "काय म्हनला? परत म्हना."

"आता काय चुकलं माझं?" महिपती दोन पावलं मागं सरला.

"चुकलं न्हाई वो! मला बी आवतण द्यायचं हाय. कंपनीच्या मोट्या सायबाला."

महिपतीनं तिच्याकडं बघितलं. कामावरून काढतील, असं त्याच्या ओठावर आलं होतं. पण पहिल्या वर्षीचा अनुभव आठवला असावा. "नारळ घिऊन जा," एवढंच म्हणाला.

तिनं कुणाला सांगितलं नाही. एकदा सांगून हसं झालं होतं, तेवढं पुरे. रजा टाकली, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली, पिशवीत नारळ आणि हळदकुंकू घेतलं, आणि फाट्यावर आली. एस्टी अर्थातच थांबली. कामशेतला लोकलमध्ये बसली तोवर ठीक होतं. पण तळेगाव गेलं तशी धाकधूक वाढली. सुहास साहेबांच्या डोक्यावरून उडी मारून वर जाणारी बाई, उद्या तिला कोण ठेवून घेईल? घरात येणारा रोकडा पगार तो एवढाच. बेगडेवाडीला गाडी थांबली ती सिग्नल मिळेना म्हणून थांबूनच राहिली. समोरच्या फलाटावर लोणावळ्याची लोकल यायची होती. उतरावं, पलीकडं उभं राहावं, संध्याकाळच्या आत घरी. कुणाला कळणारसुद्धा नाही. नंदाबाई पिशवी उचलून दारापर्यंत गेलीसुद्धा. दाराशी पोहोचली आणि तिला गिरणीवाला आठवला. त्याचे ते दात आठवले. "मुडदा बशीवला तुझा," ती मोठ्यानं म्हणाली. शेजारचा माणूस दचकून बाजूला सरकला. नंदाबाई जागेवर येऊन बसली.

पुण्याचं ऑफिस सगळं काचेचं. दाराशी टेबलामागं एक गोड मुलगी, समीक्षा नावाची पाटी लावलेली.

"साहेबांना भेटायचंय? अपॉइंटमेंट आहे का?"

"न्हाई बाई. आवतण हाय."

मुलीनं कॉम्प्युटरकडं बघितलं, नंदाबाईकडं बघितलं, नारळाकडं बघितलं. आवतण घेऊन आलेल्या बाईला काय सांगायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती आत गेली, आणि थोड्या वेळानं आदिनाथ साहेब स्वतःच बाहेर आले. "अरे, गूळवाल्या मावशी!"

आत नेऊन त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं. नंदाबाईनं टेबलावर नारळ ठेवला, हळदकुंकू लावलं. "चैत्रात आमच्या वाडीच्या भैरोबाची जत्रा हाय. तुमी जेवाया यायचं." साहेब हसले, येतो म्हणाले, चहा मागवला. नंदाबाईनं चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्याला, बशी खाली ठेवली, तोंड पुसलं, आणि म्हणाली, "सायब, आता मी तुमच्या दारात बसल्ये. आता गाऱ्हाणं ऐका."

"गाऱ्हाणं? पण त्या दिवशी तर तुम्हीच म्हणालात, सगळं झ्याक आहे!"

"त्या दिशी तुमी आमच्या दारात उनातान्हाचं आलता. दारात आलेल्या पाव्हण्याला गूळ-पानी देत्यात, गाऱ्हाणं न्हाई. तुमी जांभळीखाली बसून वर्षभर इचारलं आसतं, तरी बाया झ्याकच म्हनल्या आसत्या."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बोला."

आणि मग ती बोलली! फळ्यांचं सांगितलं, ओस जांभळीचं सांगितलं. "डबा एकटीनं खायाचा सायब, घास घशाखाली उतरत न्हाई. शेजारणीचं बोट कापलं तरी मान वर करायचं भ्या वाटतंय. कामावर येताना पाय वढत न्यावं लागत्यात बायांना."

"पण काम वाढलंय, मावशी. माझ्याकडं आकडे आहेत."

"वाढलं आसंल. बैलाला पराणी टोचली की दोन पावलं पळतोच की. पराणीच्या जोरावर पेरणी हुती का?"

मग तिनं स्पीकरचं सांगितलं. साहेब पुढं झुकले. "नाव? स्पीकरवरून? रोज?"

"रोज. सायब, आमच्याकडं माईकवर नाव घेत्यात ते जत्रंत. कुणी देणगी दिली, कुणी इनाम लावलं, त्याचं. मानाचं नाव. आखाड्यात दोघं लढत्यात, एक तर पडणारच. पण आमचा रखमाजी, माईकवर आसतो तो, जितलेल्याचं नाव पुकारतो. पडलेल्याचं कदी घेत न्हाई. त्याला उटीवत्यात, माती झटकत्यात, हातात नारळ देत्यात. पडला ते त्याचं त्याला कळतंय. गावाला सांगून त्याचं काय भलं हुणार? आणि आमच्या जाहिदाला तुमी रोज पाडताय. हाताला सूज हाय तिच्या. जत्रंनंतर ती काम सोडणार. ती गेली म्हंजी, सायब, त्या हालात माझं मन लागायचं न्हाई, आणि ते मी काय तुमच्या आकड्यात दावू शकत न्हाई." 

साहेबांनी फोन उचलला. "मला हे स्पीकरचं ठाऊकच नव्हतं. सुहासला आत्ताच्या आत्ता..."

"नगा सायब!" नंदाबाई उठून उभीच राहिली. "हितनं त्याला झापणार, म्हंजी त्याचं बी नाव पुकारल्यागतच झालं की. पोरगं वंगाळ न्हाई. त्याला संगं घिऊन या जत्रंला. त्याच्या डोळ्यांनी बघू द्या."

 साहेबांनी हातातला फोन खाली ठेवला. "मावशी, हे सगळं सांगायला इथवर आलात. भीती नाही वाटली?"

"वाटली की. बेगडेवाडीला उतरणार हुते."

साहेब मोठ्यानं हसले. येतो म्हणाले. सुहासला बरोबर आणतो आणि तोवर त्याला काही बोलत नाही, असा शब्द दिला.

पण शब्दाचं काय हो, तो कुणीही देतो. नंदाबाईनं स्वतः दिलाच होता की जाहिदाला! पुढचे दिवस सरता सरेनात. स्पीकर रोज खरखरत राहिला. जाहिदाचं नाव आणखी दोनदा आलं. जत्रेच्या आदल्या दिवशी तिनं सुहास साहेबांना सांगून टाकलं, सोमवारपासून येत नाही. फळीच्या पलीकडून नंदाबाईनं ते ऐकलं. जिभेवर सगळं येऊन थांबलं होतं, पण सांगायचं काय, आवतण देऊन आले म्हणून? आणि साहेब आलेच नाहीत तर?

जत्रा रविवारची. वाडीत पहाटेपासून बद्रुद्दीनची धावपळ. भैरोबाच्या जत्रेत बोकडांवर सुरी चालवायचा मान त्याच्या घराण्याचा, आजापणजापासूनचा. घराघरांत रस्सा रटरटत होता. दुपारी उन्हं कलली तशी हलगी कडाडली, शाळेपुढच्या पटांगणात आखाडा भरला. बाया शाळेच्या ओट्यावर दाटीवाटीनं बसल्या. जाहिदाही होती, नंदाबाईपासून चार बाया सोडून. नंदाबाईची नजर आखाड्याऐवजी फाट्याच्या रस्त्यावर.

महिपती पाणी प्यायला ओट्याशी आला. "कुणाची वाट बघतीस?"

"कुणाची न्हाई."

"मग रस्ता काय पळून चाललाय व्हय?"

ती त्याला काहीतरी खरमरीत सुनावणार, तेवढ्यात पाळण्यांच्या आणि खेळण्यांच्या गर्दीतून दोन माणसं चालत येताना दिसली. गाडी लांब ठेवावी लागली असणार. पुढं आदिनाथ साहेब, मागं सुहास साहेब, बुटांवर धूळ. नंदाबाईनं ओट्यावरूनच हात जोडले ते भैरोबाला. ओट्यावरच्या बायांमध्ये कुजबुज झाली. आता हे इथंही आले का आमची नावं घ्यायला!

रखमाजीनं माईकवरून पाहुण्यांचं स्वागत केलं. फेटे बांधले, नारळ दिले, महिपतीच्या शेजारी बसवलं. कुस्त्या पुढं चालू. एक जोड चांगली रंगली. एक इंदुरीचा पैलवान, दुसरा वाडीतलाच. दोघं मातीत घामाघूम. शेवटी वाडीतला चितपट झाला. रखमाजीनं इंदुरीकराचं नाव तीनतीनदा पुकारलं. मग त्याच इंदुरीकरानं खाली पडलेल्याला हात देऊन उठवलं, त्याच्या पाठीवरची माती झटकली. पंचांनी त्याच्याही हातात नारळ दिला. तो गर्दीतून निघाला तर ज्याला त्याला त्याच्या पाठीवर थाप मारायची होती.

सुहास साहेबांनी वाकून महिपतीला काहीतरी विचारलेलं नंदाबाईला ओट्यावरून दिसलं. बोलणं काय झालं ते महिपतीनं नंतर सांगितलं. "ह्या हरलेल्याचं नाव काय?" साहेब म्हणाले, "माईकवर घेतलंच नाही." महिपती म्हणाला, "पडलेल्याचं नाव घेत न्हाईत, सायब. त्याला उद्या ह्याच गावात राहायचं आसतंय." आदिनाथ साहेब बाजूला बसून सगळं ऐकत होते, पण बोलले काहीच नाहीत. वाटेतही त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. दिलेला शब्द त्यांनी असा पाळला.

सुहास साहेब दोन कुस्त्या नुसते बसून राहिले. नजर मातीवर. मग उठले, आखाड्याच्या कडेनं रखमाजीपाशी गेले, त्याच्या कानात काही बोलले. रखमाजीनं माईक त्यांच्या हातात दिला.

"हॅलो, हॅलो."

त्या आवाजासरशी ओट्यावरच्या साऱ्या बायांच्या पाठी ताठ झाल्या. सवयच ती! जाहिदा तर उठलीच, पदर सावरून पायऱ्या उतरायला लागली. नंदाबाईनं चार बाया ओलांडून झेप घेतली आणि तिचा हात धरला. "थांब!"

"सोड, तो अंगठा दुखतोय."

"दुखू दे. ऐक."

सुहास साहेबांनी घसा खाकरला. "पुढची इनामाची कुस्ती," ते म्हणाले, "आमच्या कंपनीच्या ग्रेडिंग हॉलच्या जाहिदा बद्रुद्दीन मुलाणी यांच्या मानाची. त्यांच्यासारखं फूल निवडणारा हात माझ्याकडं दुसरा नाही. हे मी आधी सांगायला हवं होतं. माझं चुकलं. विजेत्याला फेटा त्यांच्याच हातून बांधला जाईल. आणि उद्यापासून आपल्या हॉलमध्ये स्पीकरवर फक्त गाणी लागतील."

 वाडीच्या आखाड्यात बाईच्या मानाची कुस्ती कधी लागली नव्हती. मग पलीकडून, जिथं मटणाचे वाटे चालले होते तिथून, बद्रुद्दीन दोन्ही हात वर करून ओरडला, "परत पुकारा सायब! ऐकू न्हाई आलं!"

हशा उसळला, हलगी कडाडली, आणि रखमाजीनं माईक घेऊन ते नाव पुन्हा पुकारलं, अजून एकदा पुकारलं, डोंगराला ऐकू जाईल असं पुकारलं. गिरणीवाला पहिल्या रांगेत होता. त्यालाही टाळ्या वाजवाव्या लागल्या. जाहिदा पायरीवर उभी, रडत होती आणि हसत होती, आणि ज्या हातानं डोळे पुसावेत तो हात नंदाबाई काही सोडत नव्हती.

दिवेलागणीला पाहुणे नंदाबाईच्या पडवीत जेवायला बसले. महिपती भाकऱ्या वाढत होता, जाहिदा रस्सा. सुहास साहेबांच्या कपाळावर घाम आणि डोळ्यांत पाणी, आणि तिखटाचं निमित्त बरं मिळालं होतं. आदिनाथ साहेबांनी वाटी पुढं करत म्हटलं, "मावशी, त्या दिवशी बेगडेवाडीला उतरला नाहीत, फार बरं केलंत."

जाहिदाचा पळा हवेतच थांबला. "बेगडेवाडी? नंदे, तू पुन्याला गेलतीस?"

"वाढ की गं! पाव्हण्यांचं ताट रिकामं हाय."

"कवा गेलतीस? आणि मी तुला..." जाहिदानं पुढचं गिळलं. मग साहेबांच्या वाटीत इतका रस्सा ओतला की तो ताटभर झाला. सुहास साहेबांकडं वळून ती म्हणाली, "सायब, सोमवारचं मी काय बोलल्ये ते इसरा. येनार हाय मी. पन त्या फळ्या काडा."

"काढतो, मावशी," सुहास साहेब म्हणाले. "सकाळीच काढतो."

आदिनाथ साहेबांनी हात धुतले, सुपारी तोंडात टाकली, आणि निघता निघता नंदाबाईला विचारलं, "आता आणखी काही अडचण, मावशी?"

नंदाबाईनं पदर सावरला. "काय न्हाई सायब," ती म्हणाली. "समदं झ्याक हाय. आज तुमी पाव्हणे हाय न्हवं? जेवायच्या सुट्टीचं बोलायचं ऱ्हायलंय, त्याला मंगळवारी पुन्याला येते."

मंगळवारी जावं लागलं नाही. सोमवारी हॉलमधल्या फळ्या निघाल्या त्या बद्रुद्दीन दुकानाच्या माळ्यासाठी घेऊन गेला, आणि दुपारी जांभळीखाली पुन्हा बायांचा गोल बसला. जाहिदाचा अंगठा काही एका दिवसात बरा होणार नव्हता. तिच्यापुढं दोन्ही बाजूंनी बंच सरकत होते, आणि कुणी काही बोलत नव्हतं. एकटी नंदाबाई तेवढी बोलत होती. पुण्याची काच, समीक्षा, चहा, लोकल, सगळं तिसऱ्यांदा सांगून चौथ्यांदा बेगडेवाडीपर्यंत आली होती. संध्याकाळी स्पीकर खरखरला तसे सवयीनं सगळे हात थांबले. आणि गाणं लागलं.

"नंदे," समोरून जाहिदा म्हणाली, "गाणं लागलंय. आता तरी तोंड मिट."

नंदाबाईनं मिटलं. गाणं संपेपर्यंतच, पण मिटलं.